जेवली नसेल ती

सुरुवात भुतापासून करावी की सहीपासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घाबरले मी दोघांनाही. पण त्यातल्या त्यात भूत परवडलं, म्हणून सहीपासून करते.

आमच्या घरात एक नियम आहे. न वाचता सही करायची नाही. तो माझ्यामुळेच झाला. मला इचलकरंजीतल्या शाळेत घातलं तेव्हा फॉर्म शिपायाने भरला आणि आप्पांनी त्यावर न वाचता सही केली. शिपायाने आपल्या सोयीने माझी जन्मतारीख जूनमधली टाकली होती. त्यामुळे कागदोपत्री मी खऱ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. दरवर्षी माझे दोन वाढदिवस होतात आणि त्यातला जर्मनीला फक्त खोटा माहीत आहे. मला याचंही थोडं वाईट वाटतं.

आप्पा यंत्रमागावर काम करतात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते, म्हणजे सोप्या भाषेत खिचडी. आई चौथी शिकली, आप्पा सातवी. मी स्टुटगार्टला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करते. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली की मला अजूनही गरगरल्यासारखं होतं.

आमच्या अभ्यासक्रमात तांत्रिक नसलेला एक विषय घ्यावाच लागतो. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी मी आधी सगळ्या सूचना वाचत बसले, सहीचा नियम आहे म्हणून. वाचून होईपर्यंत योगासनं, फोटोग्राफी आणि सोपं स्पॅनिश भरून गेलं होतं. उरला एकच विषय: इंग्रजी कथा आणि त्यांवरून निघालेले ब्रिटिश चित्रपट. परीक्षा नव्हती. त्याऐवजी एक रेफेराट होतं, म्हणजे वर्गासमोर वीस मिनिटं उभं राहून बोलायचं. कुणी काय घ्यायचं त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत भयपट आला.

मी आयुष्यात एकही भयपट पाहिलेला नव्हता. कॉलेजला असताना मैत्रिणींबरोबर एकदा गेले होते, पण जाहिराती चालू असतानाच बाहेर आले.

आणि वर्गासमोर बोलणं तर त्याहून अवघड. मागाच्या आवाजाने आप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरी सगळे ओरडूनच बोलतात. मी पहिल्यांदा वसतिगृहात राहिले तेव्हा मुली म्हणाल्या, भांडतेस कशाला? तेव्हापासून मी आवाज खाली नेत गेले तो इतका की जर्मनीत लोक माझ्याकडे कान करून वाकतात. त्या सेमिनारमध्ये सहा आठवडे मी एक शब्द बोलले नव्हते. तास एक वाजता संपायचा. मग सगळे घोळक्याने मेन्साला, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत जायचे आणि मी एस-बानची लोकल पकडून खोलीवर यायचे. मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असं म्हटलंही नव्हतं, आणि आपण होऊन जायचं कसं ते मला माहीत नव्हतं.

चित्रपट जुना, काळापांढरा. तो मी रविवारी सकाळी लख्ख उजेडात, खिडकी उघडी टाकून पाहायचं ठरवलं. तरी धीर होईना. मग मी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून लॅपटॉपसमोर उभा केला. आई-आप्पा नुकतेच जेवून बसले होते.

"नुसतं बसा," मी म्हटलं. "सोबत म्हणून."

"कसला पिक्चर?" आप्पांनी विचारलं.

"भुताचा."

"गाड्या हायत का?"

"अजून तरी नाहीत, आप्पा."

चित्रपटाची गोष्ट अशी. इंग्लंडच्या समुद्रकाठी एक मोठं घर. तिथे एक विधुर डॉक्टर, त्याची बहीण आणि लहान मुलगी राहायला येतात. रोज चहाच्या वेळी स्वयंपाकघरातल्या कोठीच्या दारावर आतून तीनदा टकटक होते. कोठी उघडली की आत कुणी नसतं. हळूहळू कळतं की या घरात पूर्वी एक स्वयंपाकीण होती आणि ती त्याच कोठीत मेली. मग डॉक्टर पाद्र्याला आणतो, पाद्री हरतो. एक शास्त्रज्ञ यंत्र घेऊन येतो, त्याचं यंत्र जळतं. शेवटी कोठी विटांनी बुजवून टाकतात, आणि त्या रात्री घराला आग लागते.

मी एक डोळा मिटून भाषांतर करत होते. पहिली टकटक झाली तेव्हा मी उशीच्या मागे गेले. फोनमधून आईचा आवाज आला, "कोण हाय गं आत?"

"भूत आहे, आई."

"ते कळलं. पण कुणाचं?"

"त्या घरातल्या स्वयंपाकिणीचं."

पडद्यावर डॉक्टर कंदील घेऊन धावत होता. मग डॉक्टरची बहीण किंचाळली. आई म्हणाली, "आता ही कशाला वरडती? इचारा की तिला काय पायजे ते."

"कुणाला?"

"त्या बाईला. आत हाय तिला. एवढी मोठी शिकलेली माणसं, एकानं तरी इचारलं का, बाई, तुझं काय राहिलंय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे कुणाच्या अंगात आलं तर पहिला प्रश्न तोच असतो. कोण आहेस, काय पाहिजे? मग ते लिंबू मागेल, साडी मागेल, दहीभात मागेल. देऊन टाकायचं, विषय संपला. इथे पाद्री लॅटिन बोलत होता.

"जेवली नसेल ती," आई म्हणाली. "चहाच्या वक्ताला वाजवती म्हंजे दुपारचं राहिलंय तिचं. सगळ्यांचं झाल्याबिगर ती कशी जेवंल? आन् ह्या लोकांचं कुठं संपतंय. सारखं आपलं चहा, बिस्किट, चहा, बिस्किट."

"यंत्र चांगलं हाय ते," आप्पा मध्येच म्हणाले. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, ते नुसती चित्रं पाहत होते. "पर अर्थिंग दिलेलं नाही. जळणार बघ आता."

यंत्र जळलं. आप्पांनी मांडीवर थाप मारली. आणि मला हसू फुटलं ते थांबेचना. उशी तोंडावर दाबून मी हसत होते, पडद्यावर घर पेटत होतं आणि आई विचारत होती, "एवढी चांगली भांडी होती, सगळी जळली का गं?"

तेव्हापर्यंत मी मूळ कथा वाचली नव्हती. खरं तर आधी कथा वाचायची, मग चित्रपट पाहायचा असं सूचनांत होतं. ही एक सूचना मी भीतीपोटी मोडली होती. म्हटलं, एकदाचं भूत उरकून टाकू. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून कथा वाचायला घेतली. जेमतेम अकरा पानांची.

नवव्या पानावर मी जागेवरून उठून उभी राहिले.

कथेत ती लहान मुलगी आहे ना, ती एका संध्याकाळी कोठीच्या दाराशी जाते आणि विचारते, तुला काय हवंय? उत्तर येत नाही. मग ती आपल्या ताटातला पाव आणि मांसाचा तुकडा एका बशीत काढून दाराशी ठेवते आणि झोपायला जाते. सकाळी बशी धुऊन, पुसून, पालथी ठेवलेली असते. त्यानंतर टकटक होत नाही. संपली कथा. आग नाही, शास्त्रज्ञ नाही, काही नाही. चित्रपटवाल्यांनी नेमकी ती बशी काढून टाकली होती आणि तिच्या जागी आग घातली होती.

ग्रंथालयात फोन करायची बंदी आहे. मी जिन्यात पळाले.

"आई, बशी घासून पालथी ठेवली तिनं!"

"मग? खरकटी ठेवंल व्हय?" आई म्हणाली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

मला मात्र रेफेराट सापडलं होतं. चित्रपट कथेपेक्षा भीतीदायक का होतो? कारण त्यात भुताला कुणी काही विचारत नाही. बाकीचं सगळं मी चार दिवसांत लिहून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वर्गासमोर बोलायची घाई झाली होती.

आणि मग तो कागद आला.

सादरीकरणाआधी प्रत्येकाने एका प्रतिज्ञापत्रावर सही करून द्यायची होती. अर्थ असा: हे काम माझं स्वतःचं आहे, आणि दिलेल्या यादीतल्या साधनांखेरीज मी कुणाचीही कसलीही मदत घेतलेली नाही. खाली लिहिलं होतं की हे खोटं आढळल्यास विषयात नापास, आणि प्रकरण गंभीर असल्यास प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मी तो तीनदा वाचला. कुणाचीही. कसलीही. माझ्या यादीत कथा होती, चित्रपट होता, दोन पुस्तकं होती. पण मुख्य मुद्दा यातल्या कशातच नव्हता. तो आईचा होता.

माझ्या शेजारच्या खोलीत पुण्याची एक ताई राहते. बॅटरीवर डॉक्टरेट करते आणि सहा वर्षं इथे असल्यामुळे तिला सगळं माहीत असतं. ती मावशीने पाठवलेल्या भाजणीचं थालीपीठ लावत होती.

"अगं, सही कर आणि सोड," ती म्हणाली. "तो फॉर्म सगळेच न वाचता देतात."

"पण मदत घेतलीय ना मी."

"आईची मदत ही काय मदत असते? मी माझ्या मास्टर्सच्या थिसिसच्या काळात आईला रोज फोन करून रडायचे. तिला सहलेखक करू?"

"ते रडणं होतं, ताई. हा मुद्दा आहे."

तिने उलथनं हातात तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "आल्झो, म्हणजे तू खरंच सीरियस आहेस." मग थोडा विचार करून म्हणाली, "हे बघ, जाऊन सांगशील आणि तुमच्या सेमिनारच्या बाई म्हणतील, की म्हणजे हे तुझं काम नाहीच. मग काय करशील? गप्प बस. थालीपीठ खा."

थालीपीठ खाल्लं. सही झाली नाही. मुद्दा काढून टाकला तर सही करता येईल, पण मग रेफेराटमध्ये उरतं काय? ठेवला आणि सही केली, तर ती आप्पांच्या सहीसारखी खोटी. ठेवला आणि सांगितलं, तर कदाचित नापास. दोन दिवस मी हेच घोळवत होते. शेवटी बाईंच्या श्प्रेखश्टुंडेला, म्हणजे भेटायच्या ठरलेल्या वेळेला, नाव नोंदवलं.

बाई साठीच्या असतील. खोलीत पुस्तकं जमिनीवरही रचलेली. मी खुर्चीच्या टोकावर बसले आणि येताना पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणून टाकलं: "मला सही करता येणार नाही. मी मदत घेतली आहे."

बाईंनी लॅपटॉप बंद केला. अगदी सावकाश. चष्मा नीट केला.

"तुम्ही स्वतः येऊन सांगताय हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "कोणाकडून घेतलीत? एखादी वेबसाइट? की कुणाला पैसे देऊन लिहून घेतलंत?"

"नाही, नाही. आईची."

"आईची." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "तुमची आई साहित्य शिकवते?"

"नाही."

"चित्रपटांचा अभ्यास?"

"नाही. ती शाळेत..." मला खिचडीला इंग्रजी शब्द सुचेना. "ती शाळेत दीडशे मुलांसाठी भात आणि डाळ एकत्र शिजवते."

पेन थांबलं. मग मी सगळंच सांगितलं. बाटलीला टेकवलेला फोन, टकटक, चहा-बिस्किट, दुपारचं राहिलेलं जेवण, अर्थिंग. मी कथा नंतर वाचली हेही सांगून टाकलं, तो तर सूचनेचा भंगच होता. बोलताना माझा आवाज वाढत गेला असावा, कारण बाहेरच्या माणसाने दार उघडून आत डोकावलं.

बाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. मला आपणही हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं.

"म्हणजे कथा न वाचता," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईने चित्रपटातून गाळलेला प्रसंग सांगितला?"

"जवळजवळ. बशीचं नाही सांगितलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग यात लपवायचं काय आहे? यादीत घाला. नाव, तोंडी माहिती, व्हिडिओ कॉल, भाषा मराठी."

"पुस्तकांच्या खाली?"

"अक्षरांच्या क्रमाने. जिथे येईल तिथे."

मी उठले, पुन्हा बसले. "तिचं शिक्षण लिहायचं का? चौथी."

"त्या यादीत कुणाचंच शिक्षण लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "मात्र एक गोष्ट लागेल. त्यांचं नाव पडद्यावर दाखवणार, म्हणजे त्यांची लेखी संमती हवी. इथे त्याशिवाय चालत नाही."

बाहेर आले आणि पायऱ्या धावतच उतरले. स्टुटगार्टमध्ये अर्ध्या गल्ल्या म्हणजे नुसते जिनेच आहेत; तिथे धावू नये, पण मी धावले. समोरून येणाऱ्या एका आजोबांना मोठ्याने शुभ दिन म्हटलं, ते दचकून भिंतीला चिकटले. स्टेशनात जी एस-बान उभी होती तीत चढले आणि दारातल्या काचेत स्वतःकडे बघून हसत राहिले. बऱ्याच वेळाने पाटी पाहिली तर त्सुफेनहाउझेन. माझी खोली बरोबर उलट्या दिशेला.

पण त्सुफेनहाउझेनला स्पोर्ट्स गाड्यांचा कारखाना आहे, आणि मी जर्मनीत आल्यापासून आप्पांनी एवढंच मागितलं होतं, की तिथली एक गाडी दाखव. स्टेशनाबाहेर येऊन व्हिडिओ कॉल लावला. रस्त्यावरून एक पिवळी गाडी गुरगुरत गेली.

"ऐकू आलं!" आप्पा ओरडले. "अगं, मला ऐकू आलं!"

मग आईला बाईंनी दिलेल्या संमतीच्या कागदाचं सांगितलं.

"सही? कसली सही?" ती लगेच सावध झाली. "काय लिवलंय त्यात? आधी वाचून दाखव."

"न वाचता करू नगंस," आप्पा मागून म्हणाले.

तो जर्मन कागद मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ओळीओळीने मराठीत सांगितला. मग माझ्या यादीखाली तिचं म्हणून जे वाक्य टाकणार होते तेही वाचलं: स्वयंपाकीण भुकेली आहे, म्हणून ती दार वाजवते.

"आसं मी म्हटलं नव्हतं," आई म्हणाली.

"म्हटलं होतंस की."

"न्हाई. भुकेली म्हंजे मागून खाणारी. ती मागत न्हाई. मी म्हटलं, जेवली नसेल. तसं लिव, तर सही करती."

तसं लिहिलं आणि छापून घ्यायला पाठवलं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. शाळेच्या हजेरीपटावर करते तशी, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली सही, आणि कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा अंगठा. मग मी माझ्या कागदावर सही केली.

रेफेराटच्या दिवशी पहिली सात मिनिटं वाईट गेली. मागच्या बाकावरच्या मुलाने कानामागे हात धरला होता. मी स्लाइडकडे बघून स्लाइडशीच बोलत होते. मग ती स्लाइड आली. आईचं नाव, त्याखाली देवनागरीत तिचं वाक्य, त्याखाली इंग्रजीत. ते देवनागरी मी मोठ्याने वाचलं. जेवली नसेल ती. आमच्या घरी बोलतात तसं, मागाच्या आवाजावरून पलीकडे जाईल असं. मागच्या मुलाचा हात खाली आला.

त्यानंतर मला फार आठवत नाही. चहा-बिस्किटावर ते हसले एवढं आठवतं. अर्थिंगवर इलेक्ट्रिकलच्या दोघांनी वाद घातला आणि आप्पांचं बरोबर आहे असं ठरलं. मी वीसऐवजी सव्वीस मिनिटं बोलले.

इथे व्याख्यान आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात. प्राध्यापकांसाठी मी कितीदा तरी ठोकलं होतं. माझ्यासाठी कुणी ठोकलं नव्हतं. आधी बाईंनी टेबलावर तीनदा ठोकलं, अगदी त्या कोठीतल्यासारखं. वर्ग खो खो हसला आणि मग सगळीकडून टकटक सुरू झाली. मी फोन काढून ती रेकॉर्ड केली. तेवढं भान कसं राहिलं कोण जाणे.

बाईंनी शेवटी माझ्या चुका सांगितल्या. वेळ पाळली नाही, डाव्या बाजूच्या लोकांकडे एकदाही पाहिलं नाही. आणि पास केलं.

मुलं बॅगा भरत होती. मी खिडकीशी जाऊन रेकॉर्डिंग पाठवलं आणि लगेच फोन केला.

"हे कोण दार वाजवतंय गं एवढं?" आई म्हणाली.

"दार नाही, बाक. वर्ग आहे. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी कशाला?" मग तिने विचारलं, "किती वाजलं तिथं?"

"एक वाजून गेला."

"जेवली का ती पोरं?"

मी मागे वळून पाहिलं. घोळका दारापाशी पोचला होता. कानामागे हात धरणारा तो मुलगा दार पायाने अडवून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"आता चाललीत."

"मग तू काय करतीस तिथं खिडकीत?" आईने घरातल्या आवाजात विचारलं, इतक्या मोठ्याने की दारापर्यंत ऐकू गेलं. "जा की!"